कुरजांनी माना वर केल्या

मंचरला आमचा फोटो स्टुडिओ होता, तेव्हापासून लोक मला फोटोवाल्या भाभी म्हणतात. आता स्टुडिओ नाही, त्या गाळ्यात पुतण्याचं मोबाइलचं दुकान आहे, पण नाव तेच राहिलं. पूर्वी नवरी मुलगी खुर्चीवर बसायची आणि मी उभी असायचे. आता पक्षी उभे असतात आणि मी हिरव्या कापडाच्या बुटक्या तंबूत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असते. या तंबूला मी लपण म्हणते. आमचे हे त्याला माझं दुसरं सासर म्हणतात, कारण तिथेही तोंड मिटूनच बसावं लागतं.

पक्ष्यांकडे मी वळले ती लग्नांमुळे. राजुरीला, पारगावला लग्नाच्या ऑर्डरी असायच्या. मांडवात पोचायच्या आधी नदीवर किंवा तळ्यावर थांबून कॅमेरा तपासायचा, ही माझी सवय. तपासायला समोर काहीतरी हवं म्हणून बगळे टिपायचे. पुढेपुढे बगळ्यांसाठी मी घरातून लवकर निघायला लागले. मग कोणीतरी दिनदर्शिकेसाठी फोटो मागितले, कोणी पुण्याहून फोन करून विचारलं, आम्हाला पक्षी दाखवायला न्याल का. फोनमध्ये चांगले कॅमेरे आल्यावर स्टुडिओ बसला, आणि हे काम उभं राहिलं.

बाहेरच्याला वाटतं, पक्ष्यांचा फोटो म्हणजे पक्ष्यामागे पळायचं. तसं नसतं. तो रोज कुठे उतरतो ते चार दिवस लांबून बघायचं, त्याच्या आधी तिथे जाऊन बसायचं, आणि आपण तिथे नाहीच असं त्याला वाटू द्यायचं. ऊन आपल्या पाठीशी हवं. पक्ष्याच्या डोळ्यात उजेडाचा बारीक ठिपका यायला हवा, नाहीतर कितीही सुंदर पक्षी पेंढा भरल्यासारखा दिसतो. बाकी सगळं काम वाट बघण्याचं. गिऱ्हाइकांना नेमकं तेच जमत नाही.

एका गिऱ्हाइकाने मला खडा मारून थवा उडवायला सांगितला, कारण त्याला उडतानाचाच फोटो हवा होता. मी म्हटलं, पक्षी स्वतःच्या मनाने उडतील तेव्हा काढा. तो म्हणाला, "पण मला दुपारी मीटिंग आहे." लग्न ठरलेलं एक जोडपं आलं. त्यांना पाठीमागे पक्षी हवे होते आणि मुलीच्या अंगावर लालभडक घोळदार झगा होता. ती गाडीतून उतरली आणि पलीकडच्या काठापर्यंत एक पक्षी उरला नाही. मी त्यांचे रिकाम्या पाण्यासमोर फोटो काढले. चांगले आले. माणसांचे फोटो काढायला मी विसरले नव्हते, एवढं त्या दिवशी समजलं.

लेण्याद्रीला एकदा कड्यावर ससाण्याचं घरटं सापडलं म्हणून पायऱ्यांच्या कडेला कॅमेरा लावून बसले होते. गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरणारी एक बाई थांबली आणि म्हणाली, "काय दिसतंय ओ?" मी तिला लेन्समधून पिल्लू दाखवलं. तिच्यामागे दुसरी आली. थोड्या वेळाने बघते तर माझ्यामागे रांग लागलेली. एका आजोबांनी चप्पल काढून डोळा लावला. त्या दिवशी मला फोटो मिळाला नाही, पण इतकी माणसं एका पिल्लासाठी शिस्तीत उभी राहिलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

हे सगळं मजेचं झालं. एक सकाळ मात्र अजून आठवली की आपण मोठ्या संकटातून सुटलो या जाणिवेने हात आपोआप जोडले जातात. ती सकाळ सांगायची म्हणून खरं तर हे लिहायला घेतलं.

आमच्या भागात हिवाळ्यात कधी कधी कांड्या करकोचे येतात. राखाडी अंग, काळी मान आणि डोळ्यामागून निघालेली पांढरी शेंडी. दर वर्षी येतीलच असं नाही, आले तरी टिकतील असं नाही. माझ्या आईचं माहेर मारवाडात. तिकडे यांना कुरजां म्हणतात, आणि तिकडचे व्यापारी गावाबाहेर त्यांच्यासाठी धान्य टाकतात. लहानपणी आजोळी गेले होते तेव्हा तो आवाज ऐकला होता, घसा खरवडल्यासारखा आणि तरी गोड. कितीतरी वर्षांनी पारगावच्या पुढे, घोड नदीच्या काठी तो आवाज वरून आला आणि मी स्कूटर रस्त्यातच थांबवली. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने मला बरंच काही ऐकवलं. मी वर बघत उभी होते. त्याच्याशी भांडायचं राहूनच गेलं.

मी सांगते त्या हिवाळ्यात कुरजांचा मोठा थवा उतरला होता. दुपारी त्या नदीच्या उथळ पाण्यात उभ्या राहायच्या आणि सकाळी बबनरावांच्या रानात चरायला यायच्या. बबनराव हे तिथले शेतकरी. त्यांनी बाजरी काढून ते रान मोकळं ठेवलं होतं आणि सांडलेले दाणे टिपायला पक्षी यायचे. रानाच्या पश्चिमेला त्यांचाच ऊस होता. त्याची तोडणी चालू होती. अर्धा तोडून झाला होता, अर्धा उभा होता. मधल्या बांधावर बाभळीचं झाड, आणि झाडाखाली ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या. रानाच्या पूर्वेच्या टोकाला, म्हणजे सूर्य पाठीशी येईल असं, मी लपण लावलं होतं.

त्या आठवड्यात माझं गिऱ्हाईक होतं पुण्याचे सबनीस सर. गणिताचे निवृत्त शिक्षक. माणूस सज्जन, कॅमेरा उत्तम, पण आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोललेले. त्यांना कुजबुजता येत नव्हतं. कुजबुजायला लागले की आवाज तेवढाच राहायचा, फक्त घोगरा व्हायचा.

पहिल्या दिवशी लपणात बसल्या बसल्या म्हणाले, "भाभी, यांचा उडण्याचा कोन बघितलात का?"

मी म्हटलं, "सर, तो कोन आता आपल्याला उद्याच दिसेल." कारण थवा उडून नदीकडे गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडाला मफलर बांधला. खोकला आला तरी तो मफलरमध्ये दाबत होते आणि डोळ्यांतून पाणी काढत होते. मला दया आली, पण मी बोटानेच गप्प राहायची खूण केली.

ऊन नुकतंच वर आलं होतं. कुरजां रानात उतरल्या, एकेक पाऊल टाकत दाणे टिपायला लागल्या. सरांच्या कॅमेऱ्याची बारीक टिकटिक सुरू झाली. पलीकडे उसाच्या फडात कोयते चालल्याचा आवाज येत होता. तोडणीवाले फडाच्या दूरच्या टोकाला होते, बाभळीपाशी कोणी नव्हतं.

आणि एकाएकी सगळ्या कुरजांनी माना वर केल्या.

थवा चरत असतो तेव्हा एखाददुसरी कुरजां मान वर करून पहारा देत असते, बाकीच्यांच्या माना खालीच असतात. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच दिशेला बघणं वेगळं. कुत्रं आलं की असं होतं. मला वाटलं, कुत्रंच असेल. मी लेन्स त्यांच्या नजरेच्या रोखाने पश्चिमेला वळवली.

उभ्या उसाच्या कडेला, वाळलेल्या पानांच्या, पाचटाच्या रंगात मिसळून बिबट्या बसला होता. बसला म्हणजे पोट जमिनीला टेकलेलं, खांदे वर आलेले. आमच्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या दिसणं काही नवलाचं राहिलेलं नाही. ऊस आला तसा तो उसात राहायला आला, तिथेच जन्मतो, तिथेच वाढतो. त्यामुळे बघून मी दचकले, पण घाबरले नाही. फोटो काढावा असंही मनात आलं. मग तो कुठे बघतोय ते बघायला मी लेन्स थोडी डावीकडे सरकवली.

बैलगाडीच्या दांडीला लुगड्याची झोळी बांधलेली होती. झोळी हलत होती. आत मूल होतं.

लेन्समधून सगळं जवळ दिसतं, हेच वाईट. हात पुढे केला तर झोळी हाताला लागेल असं वाटत होतं आणि मी होते रानाच्या दुसऱ्या टोकाला. झोळीतून एक चिमुकली टाच बाहेर आली, परत आत गेली. बिबट्या उठला आणि दोन पावलं पुढे येऊन थांबला.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. इतकी वर्षं या कापडाआड न बोलता बसल्यामुळे असेल की भीतीने असेल, देव जाणे. मी सरांचा दंड धरला आणि बोटाने दाखवलं. त्यांनी आपली लेन्स तिकडे नेली. क्षणभर बघितलं. मग मफलर खाली ओढला, लपणाचं कापड बाजूला फेकलं आणि बाहेर उभं राहून ते ओरडले.

काय ओरडले ते धड कळलंही नाही. "ए, हट, हट, ए" असलं काहीतरी. पण तसा आवाज मी त्याआधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. सगळा थवा एका झटक्यात उडाला. दूरच्या टोकाला कोयते थांबले. बिबट्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. सर ओरडत ओरडत ढेकळांतून पळायला लागले. सत्तरीचा माणूस, गळ्यात एवढा मोठा कॅमेरा लटकतोय, पाय मुरगळतायत, तरी थांबेनात. मग माझाही घसा सुटला. मीही ओरडत त्यांच्यामागे निघाले.

बिबट्या आला तसा मागे सरकला आणि उसात शिरला. पानं हलली आणि शांत झाली.

आमच्या आधी फडातून एक बाई धावत आली. तिला झोळीपर्यंत यायला किती वेळ लागला सांगता येत नाही, मला तो फार वाटला. तिने पोर उचललं, छातीशी धरलं आणि तिथेच पाचटात बसली. सुरेखा तिचं नाव, बीडकडची. नवरा अंकुश हातात कोयता घेऊन उसाकडे तोंड करून उभा राहिला. पोरगी वर्षाची असेल. ती झोपेतून उठल्यामुळे चिडून रडत होती. इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

"मी हितंच व्हते ओ," सुरेखा परत परत म्हणत होती. "आत्ताच दूध पाजून गेले. हितंच व्हते की मी."

"बाई, काही झालेलं नाही. पोरगी ठीक आहे," सर म्हणाले. म्हणाले म्हणजे ओठ हलले. त्यांचा आवाज पार बसला होता.

मी पोरीचे हात बघितले, पाय बघितले, मान बघितली. एक ओरखडा नव्हता. मग मी बैलगाडीच्या चाकाला टेकून बसले.

तोवर बबनराव आले होते, टोळीचा मुकादम आला होता, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या मोटारसायकली थांबायला लागल्या होत्या. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात मोबाइल. "उसात घुसून बाहेर काढू त्याला," असं कोणीतरी म्हणालं आणि चार-पाच पोरं पुढे सरसावली. मुकादमाला वेगळीच काळजी, भरायला ट्रक येऊन उभा राहणार होता.

अंकुशने कोयता खाली केला. तो म्हणाला, "काल त्या मधल्या पट्ट्यात मांजरावानी आवाज येत व्हता. मला वाटलं रानमांजर आसंल."

बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. उसातून असा आवाज आला म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला सगळं कळतं. ते बांधावर जाऊन उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, "राव, मागं व्हा सगळे. ती मादी हाये. पिल्लं हायेत तिची उसात. आत कुणी जायचं न्हाय. ऊस माझा हाये, काय नुकसान व्हायचं ते माझं व्हईल."

"आन् पोर खाल्लं असतं म्हणजे?" एकाने विचारलं.

"न्हाय ना खाल्लं," बबनराव म्हणाले. "मग आता वाढवू नका."

वनखात्याची माणसं आली. त्यांनी सगळ्यांना लांब नेलं, उभ्या उसाच्या पट्ट्यात शोधलं, आणि थोड्या वेळाने हातमोजे घातलेल्या एका माणसाने दोन पिल्लं बाहेर आणली. डोळे नुकते उघडलेली, मुठीत मावतील अशी तोंडं. सुरेखा लांबून बघत होती. पोरगी तिच्या कडेवर होती. ती एवढंच म्हणाली, "लई बारकी हायेत की."

त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसाने आम्हाला समजावून सांगितलं. तोडणी जवळ आली तशी मादी बेचैन झाली असणार. पिल्लं हलवायला जागा शोधत असावी, आणि झोळी नेमकी तिच्या वाटेत होती. मी विचारलं, "म्हणजे तिने पोरीला काही केलं नसतं?" त्याने आधी सुरेखाच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाभी, तसं लिहून कोणी देणार नाही. तुम्ही ओरडलात ते बरं केलंत." मी सरांकडे बोट दाखवलं.

तोडणी त्या दिवसापुरती बंद झाली. पिल्लं एका क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवली, जवळ कॅमेरा लावला, आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना रान सोडायला लावलं. पिल्लांना माणसाचा वास लागला तर आई त्यांना टाकते असं लोक म्हणतात. तसं होत नाही असं वनखात्याचा माणूस म्हणाला, पण त्याच्याही चेहऱ्यावर काळजी होती. मादी आली नाही तर काय, आणि चिडून आली तर काय. सुरेखा-अंकुश आणि टोळीतले बाकीचे त्या रात्री आपल्या पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांमध्ये राहिले नाहीत, बबनरावांच्या घराच्या ओसरीत झोपले. बबनरावांच्या मंडळींनी सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी केली. मी मंचरला घरी आले, पण मनाने तिथेच होते.

सकाळी बबनरावांचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाले, "नेली. दोन्ही नेली. खोकं रिकामं हाये."

मी फोन ठेवला आणि देवघरासमोर जाऊन नुसती बसले. नवकार मंत्र म्हणायचा होता, तो नंतर म्हटला.

वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसलं, मादीने एकेक करून पिल्लं मानेला धरून नेली आणि नदीकडच्या झाडीत गेली. त्याच सकाळी तोडणी पुन्हा सुरू झाली. थांबून कोणाला परवडणार होतं. पण सुरेखाला काही केल्या पोरगी खाली ठेववेना. पाठीला बांधली तर ऊस तोडताना वाकता येत नव्हतं, झोळीत ठेवली तर नजर तिकडेच. हातातला कोयता पायावर यायचा अशी वेळ आली होती.

मी रानात पोचले तेव्हा ती बांधावर पोर घेऊन उभी होती. मी म्हटलं, "दे माझ्याकडे. मी माझ्या मोटारीत घेऊन बसते, काचा बंद करून."

"तुमचं काम?"

"माझं काम बसायचंच आहे," मी म्हटलं. "इथे बसले काय नि तिथे बसले काय."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पोरगी दिली. देताना तिच्या डोक्यावरचं टोपरं नीट केलं आणि म्हणाली, "रडली तर हाक मारा. मी पळत येते."

सबनीस सरांनी मुक्काम वाढवला होता. थवा परत येईल याची मी काही खात्री दिली नव्हती. त्यांना ओरडावं लागलं तेव्हा त्यांचा एकही फोटो धड आला नव्हता, याचं मला वाईट वाटत होतं. त्यांना मात्र वाटत नव्हतं. आवाज गेल्यामुळे ते कागदावर लिहून बोलत होते. मी विचारलं, एकटे बसाल का लपणात. त्यांनी लिहिलं, "आता मी आदर्श विद्यार्थी आहे."

ते लपणात गेले. मी रस्त्याकडेला गाडीत पोरीला घेऊन बसले. तिने आधी माझा चष्मा ओढला, मग मंगळसूत्र, मग किल्लीच्या गुच्छाशी खेळली. थोडी रडली. मग मी तिला मांडीवर आडवी घेऊन थोपटलं. माझी मुलं मोठी होऊन पुण्याला गेली त्याला कैक वर्षं झाली, पण हाताला ती लय आपोआप आली. थोड्याच वेळात तिचे डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात वरून आवाज आला. कुरजां आल्या होत्या. गाडीच्या काचेतून मला रानाच्या मधोमध राखाडी ठिपके उतरताना दिसले. त्यांनी चरायला सुरुवात केली, एखादीची मान वर, बाकीच्यांच्या खाली. मग त्यांच्यातल्या दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, पंख पसरले आणि उंच उडी मारली. मग आणखी दोघी. बघता बघता निम्मा थवा नाचायला लागला. हा नाच मी आयुष्यात तोवर एकदाही जवळून पाहिला नव्हता, आणि नंतर आजवर पाहिलेला नाही.

फोन थरथरला. लपणातून सरांचा निरोप होता. "नाचतायत. लवकर या. तुमचा कॅमेरा लावून ठेवलाय."

पोरीने झोपेत माझं बोट मुठीत धरलं होतं. तिकडे उसात सुरेखाचा कोयता एका लयीत चालू होता, बऱ्याच वेळात थांबला नव्हता. मी दुसऱ्या हाताने फोन उलटा ठेवला आणि काच जरा खाली केली, आवाज तेवढा आत यावा म्हणून.

उठले नाही. पोर नुकतंच झोपलं होतं.